नौपाडा ते वाशी: गल्ली आणि लोकलचे आवाज रेकॉर्ड केले, त्याच्या नोंदी

आमची ठाण्यातल्या नौपाड्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. २८ फेब्रुवारीच्या आत घर रिकामं करायचंय आणि भाड्याचं घर मिळालंय घणसोलीला. म्हणजे गल्ली तर सुटणारच, पण अकरा वर्षं रोज करतेय तो ठाणे-वाशी प्रवासही अर्धा होणार. फोटो शेकड्यांनी आहेत, आवाज एकही नाही. म्हणून घराच्या दारापासून वाशीच्या ऑफिसपर्यंत जे काही कानावर पडतं ते सगळं रेकॉर्ड करायचं ठरवलं. मी अकाउंट्सवाली, यातलं शिक्षण काहीच नाही. कुणाला आपल्या गल्लीचं असं काही करायचं असेल तर माझा जो वेळ आणि पैसा गेला तो त्यांचा वाचावा म्हणून तारखांसकट लिहिलंय.

६ जानेवारी २०२५, सोमवार

फोनवरच सुरुवात केली, म्हटलं पैसे घालायच्या आधी बघू तरी. ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं आणि पुढे गाडीत पंधरा मिनिटं. रात्री हेडफोन लावून ऐकलं आणि फार वाईट वाटलं. गर्दी नुसती सपाट ऐकू येते, घोषणा सुरू झाली की बाकी सगळं दबतं आणि घोषणा संपली की परत फुगून वर येतं, पाण्यात डोकं बुडवून बाहेर काढल्यासारखं. फोन बनवलाय बोलण्यासाठी, मागचा गोंगाट तो आपणहून कमी करतो, आणि मला तर तो गोंगाटच हवाय.

एक अॅप घेतलं ज्यात हे ऑटोमॅटिक आवाज वर-खाली होणं बंद करता येतं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या.

९ जानेवारी, गुरुवार

रेकॉर्डर घेतला. सेकंडहँड, ६,२०० रुपये, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलाकडून, मुलुंडला जाऊन आणला. मुठीत मावतो, दोन छोटे पेन्सिल सेल लागतात. त्यानेच सेटिंग लावून दिलं: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण १ जीबी जागा खातो. जागा वाचवायला एमपीथ्रीवर ठेवू नका, नंतर बारीक आवाज मोठा करायला गेलात की त्यातली खराबी आधी वर येते.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला पूर्ण प्रवास, आणि एकही मिनिट कामाचं नाही.

मला सगळ्यात जास्त हवा होता तो खाडीचा पूल. ठाणं सोडलं की गाडी पुलावर येते आणि खालची जमीन जाऊन पाणी आलं की चाकांचा आवाज एकदम मोकळा होतो, डोळे मिटून बसलं तरी कळतं की पूल आला. मग विटाव्याकडे वळली की परत घट्ट होतो. तो बदल पकडायचा म्हणून दाराशी उभी राहिले. घरी ऐकलं तर पूल नाही, दिघा नाही, ऐरोली नाही, नुसती हवा. भप् भप् भप्. अठरा मिनिटं.

दुसरी चूक, आदल्या रात्री घरात शांततेत टेस्ट केलं आणि त्याच गेनवर (रेकॉर्डर आवाज किती मोठा करून घेतो ते सेटिंग) स्टेशनला गेले. घोषणा लागली ती फाटली. कॉम्प्युटरवर बघितलं तर आवाजाचे डोंगर वरून कात्रीने कापल्यासारखे सपाट. फाटलेला आवाज नंतर धड शिवता येत नाही, हे लक्षात ठेवा. हळू रेकॉर्ड झालेला वाढवता येतो. तेव्हापासून ऑटो बंद, आणि जिथे जाणार तिथला सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन.

१२ जानेवारी, रविवार

हवेचा बंदोबस्त. माइकवर घालायच्या केसाळ टोप्या तयार मिळतात पण माझ्या मॉडेलची मिळेना, म्हणून बाजारातून फरचं कापड आणलं, ९० रुपये, आणि हाताने शिवली. पहिली टोपी मखमलीचं अस्तर लावून केली, छान दिसली, पण सगळे आवाज रजईतून आल्यासारखे. उसवली. अस्तराशिवाय, आतून नुसता विरळ स्पंज अशी दुसरी केली. फुंकर मारून बघायचं: माइकपर्यंत हवा पोचली नाही पाहिजे पण चुटकी स्पष्ट ऐकू आली पाहिजे. लो कट म्हणून एक बटण असतं तेही चालू केलं, हवेची घरघर बरीचशी खालच्या सुरातच असते.

१४ जानेवारी, मंगळवार

टोपी चालली. दारापासून तीन फूट आत, सीटच्या आडोशाला उभी राहिले आणि पूल मिळाला! गाडी सुटताना मोटरचा तो चढत जाणारा सूर, मग पूल, मग 'पुढील स्टेशन दिघा गाव'. हे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, म्हणजे माझ्या अकरा वर्षांतली पहिली दहा वर्षं ही घोषणा नव्हतीच. आवाज बदलत असतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

पण सगळ्या रेकॉर्डिंगवर एक किणकिण आहे. संक्रांत म्हणून काचेच्या बांगड्या भरल्या होत्या आणि रेकॉर्डर त्याच हातात. शिवाय बोटं जरा हलली की खरखर.

१५ आणि १६ जानेवारी

हाताचा आवाज घालवायला दोन दिवस. रबरबँडचं झोळणं करून साबणाच्या डबीत बसवलं, ते गर्दीत मोडलं. शेवटी जे जमलं ते सगळ्यात साधं: कापडी पिशवी, तळाशी घडी केलेला टॉवेल, त्यात रेकॉर्डर उभा खोचलेला, टोपी तेवढी पिशवीच्या तोंडाशी. पिशवी खांद्याला, हात मोकळे. मोबाइल मात्र वेगळ्या पर्समध्ये आणि फ्लाइट मोडवर, नाहीतर रेंज शोधताना त्याची टर्र टर्र माइकमध्ये येते. माझी तुर्भे ते सानपाडा एक फाइल त्यात गेली.

पिशवीचा एक प्रश्न आहे, लोकांना कळत नाही रेकॉर्डिंग चालू आहे. शेजारच्या बाईचं फोनवरचं घरगुती बोलणं शब्द न् शब्द आलं होतं. ते त्याच रात्री पुसलं. गर्दी म्हणून गर्दी ठेवायची, कुणाचं खाजगी बोलणं ठेवायचं नाही, हा नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला.

१८ जानेवारी, शनिवार

आज फक्त बसून नावं द्यायचं काम, आणि हे मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. बावीस फाइली, नावं ०००१, ०००२ अशी. सेल बदलताना रेकॉर्डरचं घड्याळ मागे गेलं होतं त्यामुळे सगळ्यांवर तारीख एकच. कुठली रबाळ्याची आणि कुठली घणसोलीची हे ओळखायला सहा तास लागले, सात फाइली ओळखताच आल्या नाहीत.

आता बटण दाबलं की आधी बोलते: 'अठरा जानेवारी, सकाळी नऊ बारा, ठाणे, दहा नंबर, लेडीज डबा.' पाच सेकंदांचं काम आहे.

२० ते २३ जानेवारी: पाववाला

आमच्या गल्लीत पहाटे सायकलवर पाववाला येतो, हँडलला रबरी भोंगा. पों-पों, मग थोडं थांबून पों. आईच्या लग्नापासून हाच भोंगा आहे म्हणते, माणसं बदलली.

सोमवारी खिडकीत रेकॉर्डर लावेपर्यंत तो निघून गेला. मंगळवारी वेळेत उठले, पण नेमकी पाण्याची मोटर चालू होती. बुधवारी खाली जाऊन त्याला थांबवलं, सांगितलं काय करतेय ते, त्याने आनंदाने हातभर अंतरावरून चार वेळा भोंगा वाजवून दिला. स्वच्छ आला. घरी ऐकला आणि कळलं की हा तो नाहीच. हा सायकलच्या दुकानातला भोंगा आहे. मला जो माहीत आहे तो लांबून येतो, कोपऱ्यावरच्या भिंतीवर आपटून थोडा जाड होतो, आमच्या खाली येऊन थांबतो आणि मग देवळाच्या बाजूला विरत जातो, त्यात एखादा कावळा असतो, कुणाच्या तरी शटरचा खडखडाट असतो.

गुरुवारी पाच वाजताच दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीत रेकॉर्डर ठेवला, सुरू केला आणि वर येऊन चहा टाकला. जवळ उभीसुद्धा राहिले नाही. दीड तासाची फाइल. सहा वाजून नऊ मिनिटांनी तो येतो आणि जातो, एकूण चाळीस सेकंद, जसा हवा होता तस्सा. ते चाळीस सेकंद कापून ठेवले. पूर्ण फाइल पुसणार होते कारण कार्ड भरत आलं होतं, झोप आली म्हणून राहिलं.

२५ जानेवारी, शनिवार

ठाणे पूर्वेला चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला मासळी घ्यायला आम्ही नेहमी जातो त्या मावशींकडे. पिशवीतून फरची टोपी दिसली तशा म्हणाल्या, 'काय गो, ते काय हाय?' सांगितलं. त्यांनी 'कर ना मग' म्हणून परवानगी दिली आणि एकदम खड्या आवाजात 'बोंबील घ्या, करंदी घ्या, मांदेली ताजीऽऽ' असं थेट पिशवीकडे बघून सुरू केलं. नेहमी त्या अशा ओरडतच नाहीत, त्यांचं सगळं गिऱ्हाइकाशी बोलण्यात चालतं, मधेच कोयत्याचा लाकडावर ठक, पाण्याचा शिपका.

विचारायचं नाही हा काही उपाय नव्हे. विचारलं आणि मग वाट बघितली, एवढंच केलं. पुढचे दोन शनिवार मासळी घेतली, बाजूला बसले, पिशवी मांडीवर. तिसऱ्या शनिवारी, ८ फेब्रुवारीला, अर्ध्या तासाने त्या विसरल्या. त्यातला शेवटचा वीस मिनिटांचा तुकडा माझ्या सगळ्या कामातल्या चांगल्या पाचांत आहे. ऐकवला तेव्हा त्यांनी हेडफोन काढून सुनेला दिला आणि म्हणाल्या, मी एवढी बोलते होय.

२९ जानेवारी, बुधवार

संध्याकाळच्या ठाणे गाडीत आमच्या डब्याचं हळदीकुंकू. रथसप्तमीपर्यंत कुठल्या ना कुठल्या ग्रुपचं असतंच. आधी सगळ्यांना विचारलं, सगळ्या हो म्हणाल्या. तिळगुळाच्या डब्यांची झाकणं, कोपरखैरण्याला चढणाऱ्यांना 'आत या आत या', वाण म्हणून स्टीलच्या वाट्या वाटल्या त्यांचा आवाज, आणि मग उखाणे.

घरी आल्यावर लक्षात आलं की उखाणा म्हटला की नवऱ्याचं नाव येतंच, काहींचं तर आडनावही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, की हे मी नेटवर टाकलं तर? तिघी नको म्हणाल्या. मग सगळेच उखाणे काढले. त्याच्या आधीचा 'घे घे घे नाव घे' हा गलका आणि नंतरचं हसू ठेवलं. दोन्हीच्या मधे पुलाचा आवाज आला आहे, म्हणजे गाडी ठाण्यात शिरत होती. पूर्ण फाइल फक्त त्या बायकांना दिली.

१ फेब्रुवारी, शनिवार

वाशीची एपीएमसी म्हणजे घाऊक बाजार, तिथलं भाजी मार्केट, पहाटे. ऑफिसातल्या एका भाऊंचे नातेवाईक तिथे गाळ्यावर आहेत म्हणून जाता आलं, एकट्या बाईने पिशवी घेऊन मधे उभं राहू नये, कामाचा खोळंबा होतो. माथाडी डोक्यावर आणि पाठीवर माल घेऊन पळत्या चालीने येतात, त्यांना खाली बघता येत नाही, त्यामुळे तोंडाने सारखं 'बाजू, बाजू, पाय सांभाळ'. ते ओरडणं म्हणजे त्यांचा हॉर्नच. मी पहिली दहा मिनिटं वाटेत होते आणि माझ्यामुळे एकाला वळसा घालावा लागला, त्याचं मला फार वाईट वाटलं. मग गाळ्याच्या ओट्यावर खांबाला टेकून बसले.

इथे परत फाटलं. ट्रकचा हॉर्न आला आणि गेन ठाणे स्टेशनचाच राहिला होता. चाळीस मिनिटांत सहा जागा फाटल्या, त्या सोडून बाकी वापरता येईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

कार्ड गेलं. कॉम्प्युटरला लावलं तर फॉरमॅट करा म्हणतंय. त्यात सोमवार-मंगळवारचं काम होतं, जांभळी नाक्याच्या फुलबाजारातलं, आणि कौपिनेश्वराच्या देवळातली सकाळ. एका दुकानात दाखवलं, ७०० रुपये घेऊन चारच फाइली निघाल्या, त्यातल्या दोन अर्ध्या. आता दोन कार्डं, प्रत्येकी ४५० ची, आड दिवसाने बदलायची, आणि रोज रात्री लॅपटॉपवर आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन कॉप्या झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

गडकरी रंगायतनची तिसरी घंटा हवी होती. नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद. हे मला माहीत होतं तरी जाऊन आले. मासुंदा तलावाच्या कडेला बसून तासभर तलावपाळीचा आवाज घेतला, बोटिंगची वल्ही, चण्याची पुडी बांधताना कागदाचा कुरकुर. घंटा नाही ती नाहीच. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला निघाली, २१ तोफांची सलामी देऊन, आणि ठाण्यात येऊन थांबली. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. म्हणजे त्या दिवशी ठाण्याने काय ऐकलं ते कुणाकडेच नाही. पण तिसरी घंटा माझ्या डोळ्यांदेखत इतकी वर्षं वाजत होती आणि रेकॉर्डर घ्यायला मला बिल्डिंग पडायची वेळ यावी लागली, हे मनातून जात नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आईला बसवून पहिल्यांदा सगळं सलग ऐकवलं, निवडलेले पन्नास मिनिटांचे तुकडे. तिने पूल ओळखला, पाववाला ओळखला, मासळीवाल्या मावशींशी हेडफोनमधूनच बोलली. मग म्हणाली, 'हे सगळं बाहेरचं झालं गं. आपल्या जिन्याचं काहीच नाही.'

आणि तिने यादी दिली. साडेपाचची मोटर आणि वरच्या टाकीत पाणी पडायला लागतं तो गडगडाट. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची हलणारी शहाबादी, कुणीही चढलं की टक. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी डक्टमधून येते ती. आणि खालचं लोखंडी गेट, त्याचा कुईऽऽ आणि मग कडी.

मी मोटर चालू म्हणून एक सकाळ फुकट गेली असं वर लिहिलंय. तेच तिला हवं आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाकी, शहाबादी, कुकर, तिन्ही मिळाले. शहाबादीला पंचवीस मिनिटं जिन्यात बसले, अकरा माणसं चढली, प्रत्येकाचा टक वेगळा.

गेट उद्या करायचं म्हणून रात्री वॉचमनकाकांना सांगितलं की सकाळी गेटचा आवाज रेकॉर्ड करणार आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काकांनी पहाटे गेटला तेल घातलं. रेकॉर्डिंग चांगलं यावं म्हणून. बिजागऱ्या पुसून, वंगण लावून. इतक्या आपुलकीने दाखवलं की मी काही बोलू शकले नाही. गेट आता गुपचूप उघडतं.

१९ ते २१ फेब्रुवारी

वंगण निघेल म्हणून रॉकेलच्या फडक्याने पुसून बघितलं. आवाज आला पण वेगळा, कोरडा. आई नाही म्हणाली.

मग सुचलं की जुन्या फाइलींमध्ये मागे कुठेतरी असेल. पण मी सगळं कापून कापून ठेवलं होतं, पाववाल्याचे चाळीस सेकंद, घोषणेची वीस. पूर्ण फाइली बऱ्याच पुसल्या होत्या. २३ जानेवारीची दीड तासाची, झोपेमुळे वाचलेली, तेवढी एक गल्लीची सलग होती. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) स्पेक्ट्रोग्राम म्हणून दिसतं, त्यात आवाज चित्रासारखा दिसतो, भोंगा खाली जाडसर पट्टा आणि करकरणारं लोखंड वर बारीक चमकती रेघ. सगळी फाइल न ऐकता रेघा शोधत गेले. पाच सत्तेचाळीसला एक. सहा तीनला दुसरी. ऐकलं. कुईऽऽ, कडी, मग बाटल्यांच्या जाळीचा खणखणाट, चपला, आणि थोड्या वेळाने शहाबादी, टक.

आईला काही न सांगता हेडफोन दिला. म्हणाली, 'दूधवाला.'

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. कौपिनेश्वराला पहाटेपासून रांग. कार्डाबरोबर गेलेलं देवळाचं रेकॉर्डिंग परत केलं, यावेळी रांगेतच उभी राहून, पिशवी खांद्याला, एक तास चाळीस मिनिटं, एकदाही बटण बंद केलं नाही आणि काही कापणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हिशोब: रेकॉर्डर ६,२००, दोन कार्डं ९००, चार्जिंगचे सेल आणि चार्जर १,१००, फर ९०, कार्डाची दुरुस्ती ७००. एकूण ८,९९० रुपये. उरलेल्या फाइली ४१ जीबी, म्हणजे अंदाजे चाळीस तास.

टेम्पो अकराला गेला. रिकाम्या हॉलमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर रेकॉर्डर ठेवून आम्ही दोघी खाली वॉचमनकाकांकडे बसलो, एक तास. सामान नसलं की खोलीत गल्लीचा आवाज किती वेगळा घुमतो ते त्यात आहे. बाराच्या सुमाराला वर कुणीतरी चढलं, तो टक मला खालीसुद्धा ऐकू आला.

घणसोलीला पाववाला येतो का, शेजाऱ्यांना माहीत नाही. सोमवारी पहाटे पाचला खिडकीत रेकॉर्डर लावून ठेवणार आहे.